अनिश्चिततेत निवड : डिझाइनचे सॉफ्टवेअर घेताना

१. ज्या प्रश्नाला उत्तर नाही

भोसरीच्या किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचा स्वतःचा लहानसा कारखाना आहे, दोन-तीन सीएनसी यंत्रे, एक वेल्डिंगचे खाते आणि संगणकावर बसणारा एक ड्राफ्ट्समन एवढाच ज्यांचा सरंजाम आहे, आणि ज्यांना मोठ्या गिऱ्हाइकाने 'यापुढे नुसत्या कागदी ड्रॉइंगवर भागणार नाही, थ्रीडी मॉडेल पाठवा' असा निरोप धाडला आहे, अशा गृहस्थांचा पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो : "साहेब, सगळ्यांत चांगलं डिझाइन सॉफ्टवेअर कोणतं?" विचारणाऱ्याची निकड खरी असते, मागे गिऱ्हाइकाचा तगादा असतो आणि पुढे काही लाखांचा खर्च दिसत असतो. तथापि या प्रश्नाला उत्तर नाही. चांगलेपणा हा सॉफ्टवेअरच्या अंगचा गुण असून वापरणाऱ्याशी त्याचा संबंध नाही, आज जे चांगले ते तीन वर्षांनीही तसेच राहील, आणि आपल्याला नेमके काय हवे हे आपल्याला पक्के ठाऊक आहे, अशा तीन गोष्टी त्यात गृहीत धरलेल्या असतात, आणि त्यांपैकी तिसरी तर बहुधा सर्वांत कच्ची असते.

या प्रकरणापुरते आपण एका काल्पनिक टूलरूमच्या मालकांना सोबत घेऊ. जिग-फिक्स्चर बनवून मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांना पुरवणे हा त्यांचा धंदा. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत. 'क' हे महागडे, वार्षिक वर्गणीवर मिळणारे आणि त्यांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या कचेरीतही चालणारे. 'ख' हे मध्यम किमतीचे, एकदा पैसे भरले की कायमचा परवाना देणारे. आणि 'ग' हे मुक्त परवान्याचे, विनामूल्य, ज्या जातीचे फ्रीकॅड आहे. पुढे येणारे रुपयांचे आणि गुणांचे आकडे हिशेबाची रीत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत; ते बाजारभाव नव्हेत.

२. आपण विकत घेतो ते काय

निवडीच्या रीतीकडे वळण्यापूर्वी वस्तूची ओळख करून घेतली पाहिजे. पूर्वी ड्रॉइंग म्हणजे रेघा असत. टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर घेऊन ड्राफ्ट्समन त्या ओढी, आणि भोकाची जागा बदलली तर ब्लेडने शाई खरवडून तेवढा भाग नव्याने काढी. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आयव्हन सदरलँड या संशोधकाने आपल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्रॅम सिद्ध केला, ज्यात प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येई, आणि 'या दोन रेघा समांतर ठेव' अशी अट घातली की यंत्र ती पाळी. १९८२ च्या अखेरीस ऑटोकॅड हे वैयक्तिक संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर आले आणि ड्रॉइंगबोर्डावरचे काम हळूहळू पडद्यावर गेले, तरी रेघ ती रेघच राहिली. खरा पालट त्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरने केला. त्याने 'पॅरामेट्रिक' पद्धत कारखान्यांत रूढ केली, आणि पुढे १९९५ मध्ये सॉलिडवर्क्सने तीच पद्धत विंडोजच्या साध्या संगणकावर आणून ठेवली.

पॅरामेट्रिक या भारदस्त शब्दाचा अर्थ सोपा आहे. अशा फाइलीत वस्तूच्या आकाराबरोबरच तो आकार ज्या आज्ञांनी घडला त्या आज्ञाही क्रमाने साठवलेल्या असतात : इतक्या मापाची प्लेट घ्या, तिच्या कडेपासून ४० मिलिमीटरवर भोक पाडा, त्या भोकाच्या मध्यावर पिन बसवा. उद्या ४० चे ५२ केले की भोक सरकते, भोकाबरोबर पिन सरकते, आणि ड्रॉइंगवरचे मापही आपोआप बदलते. आता या गोष्टीचा परिणाम पाहा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल न्यायचे तर सामान्यतः 'स्टेप' नावाच्या तटस्थ फाइलीचा आश्रय घ्यावा लागतो. तिचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०३०३, १९९४ पासून प्रसिद्ध होत आले आहे. व्यवहारात या फाइलीतून आकार बिनचूक पोचतो, पण आज्ञांची ती परंपरा पोचत नाही. पलीकडे जी वस्तू उतरते ती एक निर्जीव ठोकळा असते, जिला 'तुझे ४० चे ५२ कर' असे सांगून उपयोग नाही.

सारांश, मालक पैसे मोजतात ते सॉफ्टवेअरसाठी. परंतु पाच वर्षांनी त्यांच्या दप्तरात जे साचलेले असते ते त्यांच्याच ड्राफ्ट्समनचे हजारो तासांचे श्रम असतात, आणि ते श्रम अशा पेटीत बंद असतात जिची किल्ली विकणाऱ्याकडे आहे.

३. आधी चाळणी

हर्बर्ट सायमन या अमेरिकन विद्वानाने, ज्याला पुढे १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९५६ च्या सुमारास असे दाखवून दिले की माणूस सर्वोत्तमाचा शोध घेत नाही, आणि घेऊ पाहील तर त्याचे आयुष्य पुरणार नाही; तो काही किमान अटी ठरवतो आणि त्या पुऱ्या करणारे जे प्रथम हाती लागेल त्यावर थांबतो. सायमनचा हा विचार आपण पहिल्या पायरीपुरता उसना घेऊ.

गिऱ्हाइकाची स्टेप फाइल उघडली पाहिजे. लेझर कटिंग करणाऱ्याला लागणारी डीएक्सएफ फाइल निघाली पाहिजे. असलेल्या संगणकावर ते चालले पाहिजे. इंटरनेट दोन दिवस बंद पडले तरी काम अडता कामा नये. आणि ड्राफ्ट्समन नोकरी सोडून गेला तर त्याच्या जागी तेच सॉफ्टवेअर येणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत मिळाला पाहिजे. यांपैकी एकाही अटीत जे नापास होईल ते बाद, मग इतर गुण कितीही असोत. या चाळणीत सात-आठ नावांची तीन उरतात, आणि खरे सांगायचे तर अनेकांचे काम येथेच संपते. ज्यांच्यापुढे चाळणीनंतर एकच नाव उरले त्यांनी पुढची पाने वाचण्याचे कारण नाही.

४. वजनांचा तक्ता

१७७२ च्या सप्टेंबरात जोसेफ प्रीस्टली या रसायनशास्त्रज्ञाला एक नवी नोकरी पत्करावी की नाही असा पेच पडला, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनने त्याला उत्तरादाखल सल्ला न देता रीत लिहून पाठवली : कागदाचे दोन रकाने करावेत, एकीकडे अनुकूल व दुसरीकडे प्रतिकूल कारणे तीन-चार दिवस सुचतील तशी लिहावीत, आणि मग ज्या-ज्या कारणांचे वजन सारखे वाटेल ती दोन्हीकडून छाटत जावे, शिल्लक राहील तो कौल. आजचे वजनांचे तक्ते याच कागदाचे वंशज आहेत. फरक इतकाच की रकाने दोनाचे अनेक झाले आणि छाटणीची जागा गुणाकाराने घेतली.

आपल्या मालकांनी चार कसोट्या ठरवल्या व त्यांना एकूण १०० पैकी वजने दिली : गिऱ्हाइकाच्या फाइलींशी मेळ ४०, शिकण्याची सोय २५, पाच वर्षांचा खर्च २०, आणि सोडून जाण्याची मुभा १५.

मेळाला ४० हे वजन जास्त वाटेल, म्हणून एक खरी हकिकत सांगतो. एअरबस ए-३८० हे दुमजली प्रवासी विमान बनत असताना त्याचे भाग युरोपातील निरनिराळ्या देशांत तयार होऊन फ्रान्समधील तुलूझ येथे जोडले जात. एका विमानात सुमारे ५०० किलोमीटर तारा. या तारांच्या जुड्यांचे आरेखन जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे कॅटिया या सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर झाले, आणि तुलूझची कचेरी पाचव्या आवृत्तीवर काम करीत होती. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे सॉफ्टवेअर. केवळ आवृत्ती निराळी. दोन्हींमधील माहितीचा मेळ नीट बसला नाही, बदलांची नोंद इकडची तिकडे धड पोचली नाही, आणि हॅम्बुर्गहून आलेल्या जुड्या विमानात बसवू जाता त्या जागेवर पुऱ्या पडेनात. २००६ साली कंपनीला विलंबाच्या घोषणेवर घोषणा करावी लागली. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या ताब्यात गेले ते ऑक्टोबर २००७ मध्ये. नुकसान अब्जावधी युरोंच्या घरात. एवढ्या थोर कारखान्याची जर ही गत, तर गिऱ्हाइकाकडून आलेल्या फाइलीत एक भोक दिसले नाही म्हणून आपल्या मालकांचे फिक्स्चर परत येणे काही अशक्य नव्हे.

प्रत्येक पर्यायाला प्रत्येक कसोटीवर दहापैकी गुण दिले ते असे. क : मेळ ९, सोय ७, खर्च ३, मुभा ४. ख : ७, ६, ६, ६. ग : ४, ४, १०, ९. गुणांना वजनांनी गुणून बेरीज केली की क ला ६५५, ख ला ६४० आणि ग ला ५९५ मिळतात. मालक येथे खूष होऊन चेकबुक काढतील, पण त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला पाहिजे. मेळाचे वजन ४० ऐवजी ३५ आणि खर्चाचे २० ऐवजी २५ करून पाहा. एवढ्या किरकोळ फेरफाराने ख चे ६३५ होतात आणि क व ग दोघेही ६२५ वर येऊन बसतात. पहिला दुसरा झाला, आणि जो शेवटचा होता त्याने पहिल्याला गाठले. ४० आणि ३५ यांतील भेद शपथेवर सांगता येईल असा मनुष्य मला अजून भेटलेला नाही; मग त्या भेदावर उभा असलेला निकाल कितपत ग्राह्य धरावा? तक्त्याचा खरा उपयोग हा आहे : निवड कोणत्या एका आकड्याच्या आधाराने तोलून उभी आहे ते तो दाखवतो.

वजने ठरवताना एक घोटाळा इतका सर्रास होतो की त्यावर थोडे थांबले पाहिजे. 'आमच्यासारख्यांना किंमत सर्वांत महत्त्वाची' असे म्हणून किमतीला ५० वजन देऊन टाकतात. परंतु वजन द्यायचे असते ते कसोटीच्या नावाला नव्हे, तर तिच्यावर पर्यायांमध्ये जे अंतर आहे त्या अंतराला. तिन्ही सॉफ्टवेअरांच्या पाच वर्षांच्या खर्चात जर अवघ्या दहा हजारांचा फरक असेल, तर किंमत मालकांना प्राणाहून प्रिय असली तरी या निवडीपुरते तिचे वजन जवळजवळ शून्य. आणि तो फरक सहा लाखांचा असेल तर तिचे वजन फार मोठे. म्हणून प्रश्न असा घालावा : सर्वांत महागड्यावरून सर्वांत स्वस्तावर येणे, आणि सर्वांत वाईट मेळावरून सर्वांत चांगल्या मेळावर जाणे, या दोन उड्यांपैकी एकच मिळणार असेल तर कोणती घ्याल? जी घ्याल तिचे वजन जास्त.

ज्यांना थेट आकडा सांगणे अवघड जाते त्यांच्यासाठी टॉमस साटी यांनी १९७० नंतरच्या दशकात जोड्या लावून तुलना करण्याची एक रीत बसवली : दोन-दोनच कसोट्या समोर घ्याव्यात आणि एक दुसरीपेक्षा किती पट महत्त्वाची ते १ ते ९ या मापावर सांगावे. तिचा गुण असा की ती माणसाची विसंगती पकडते. मेळ हा सोयीच्या तिप्पट आणि सोय ही खर्चाच्या दुप्पट असे म्हटल्यावर मेळ खर्चाच्या सहापट ठरला पाहिजे. तेथे मालक 'दुप्पट' म्हणाले, तर ते मनाशी काही लपवीत आहेत किंवा त्यांनी अजून विचारच केलेला नाही, हे हिशेबातूनच उघड होते.

५. धोका निराळा, अनिश्चितता निराळी

आतापर्यंत आपण असे धरून चाललो की आजचे गुण उद्याही तेच राहतील. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ साली आपल्या ग्रंथात एक भेद केला तो येथे कामी येतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीत शंभर कास्टिंगांमागे किती रिजेक्ट जातील ते गेल्या काही वर्षांच्या रजिस्टरवरून सांगता येते. कोणते जाईल ते कळत नसले तरी प्रमाण कळते. हा धोका. परंतु सॉफ्टवेअरची कंपनी तीन वर्षांत दुसरीने विकत घेतली जाईल काय, याचे रजिस्टर कोठेही ठेवलेले नाही. ही अनिश्चितता.

आणि ही भीती काल्पनिक नाही. अडोबी कंपनीने २०१३ साली जाहीर केले की तिच्या चित्रण-मांडणीच्या सॉफ्टवेअरांच्या नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवर मिळतील. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये आपल्या बहुतेक सॉफ्टवेअरांचे नवे कायम परवाने विकणे थांबवले, आणि २०२० मध्ये आपल्या फ्यूजन ३६० च्या विनामूल्य वैयक्तिक परवान्यावर एका वेळी दहाच चालू फाइलींची मर्यादा घातली. मॅक्रोमीडियाचे फ्रीहँड हे चित्रकारांचे आवडते सॉफ्टवेअर. २००५ मध्ये ती कंपनी अडोबीकडे गेली आणि २००७ मध्ये फ्रीहँडचा विकास बंद झाल्याचे जाहीर झाले. यांतील एकाही निर्णयात गिऱ्हाइकाचे मत विचारले गेले नव्हते, आणि करारनाम्याप्रमाणे विचारण्याचे कारणही नव्हते.

मराठी मुद्रणव्यवसायाने तर या अनुभवाची किंमत रोकड मोजली आहे. १९९० नंतर महाराष्ट्रातल्या असंख्य कचेऱ्यांत पेजमेकर आणि त्या-त्या कंपनीच्या खास सांकेतिक मांडणीचे देवनागरी फॉन्ट यांवर पुस्तके जुळवली गेली. पेजमेकरची २००१ सालची सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली. पुढे युनिकोडचा अंमल सुरू झाला, आणि त्या फाइलींतला मजकूर नव्या संगणकावर घ्यावा तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग उमटू लागली. छापील प्रती शाबूत राहिल्या. पण दुसरी आवृत्ती काढायची म्हटले की सारा मजकूर परिवर्तकातून काढून जोडाक्षर न् जोडाक्षर पुन्हा तपासण्याची, नाहीतर मुळापासून टंकित करण्याची तोशीस प्रकाशकाला पडली. पेजमेकर निवडताना कोणी चूक केली असे मी म्हणणार नाही, कारण त्या वेळी ते उत्तमच होते. मात्र 'सोडून जाण्याची मुभा' हा रकाना त्या काळच्या तक्त्यांत नव्हता.

६. तीन स्वभाव, तीन निकाल

ज्याची संभाव्यता सांगता येत नाही त्याचा हिशेब मांडावा कसा? भविष्याचे मोजके नमुने कल्पून प्रत्येकात प्रत्येक पर्यायाचे काय होईल ते लिहावे. आपल्या मालकांपुढे पुढील तीन वर्षांची तीन चित्रे आहेत असे समजू. पहिल्यात मोठे गिऱ्हाईक आपल्याच सॉफ्टवेअरची मूळ फाइल मागू लागते. दुसऱ्यात ते स्टेप फाइलीवर समाधान मानते. तिसऱ्यात मंदी येऊन काम निम्म्यावर येते. तीन वर्षांची निव्वळ मिळकत, लाख रुपयांत, अशी धरू :

क : १२, ९, आणि मंदीत ५ चा तोटा (वर्गणी आगाऊ बांधलेली असल्यामुळे)
ख : ७, ११, १
ग : २, ९, ३

आशावादी मनुष्य १२ कडे पाहून क घेईल. दुसरी रीत अब्राहम वाल्ड या गणितज्ञाची. प्रत्येक पर्यायात जास्तीत जास्त वाईट काय होईल ते पाहावे, आणि त्या वाइटांतले सर्वांत बरे निवडावे. क चे वाईट म्हणजे ५ चा तोटा, ख चे १, ग चे २, म्हणून ग. (हा वाल्ड भारतात व्याख्यानांच्या दौऱ्यावर आलेला असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून सपत्नीक मृत्यू पावला, निर्णयशास्त्रावरचा त्याचा मुख्य ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता.)

पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, वाल्डच्या सिद्धान्ताचे परीक्षण करताना लेनर्ड सॅव्हेज याने तिसरी वाट पुढे मांडली : तोटा किती होईल हे न पाहता पश्चात्ताप किती होईल हे पाहावे. पहिल्या चित्रात उत्तम मिळकत १२; तेथे ख घेतलेल्याला ५ लाखांची आणि ग घेतलेल्याला १० लाखांची हळहळ. दुसऱ्यात उत्तम ११. क आणि ग या दोघांना प्रत्येकी २ ची. तिसऱ्यात उत्तम ३. क ला ८ ची, ख ला २ ची. प्रत्येकाची मोठ्यात मोठी हळहळ मोजली की क ची ८, ख ची ५ आणि ग ची १० येते. म्हणजे या रीतीने ख निवडावा लागतो.

एकच तक्ता, तीन शहाणे, तीन निकाल. येथे वाचक वैतागून म्हणेल की मग शास्त्राचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग हाच की वाद आता सॉफ्टवेअरवर न राहता मालकांच्या परिस्थितीवर आला, जेथे तो मुळातच असायला हवा होता. पाच लाखांच्या तोट्याने ज्यांचा कारखाना बंद पडेल, बँकेचा हप्ता थकेल, त्यांनी निमूटपणे वाल्डचे ऐकावे. ज्यांना तो तोटा सोसवेल पण पुढे भागीदाराला व मुलाला जाब द्यावा लागेल, त्यांना सॅव्हेजची रीत मानवते, आणि लहान कारखानदारांत मी पाहिले त्यांपैकी बहुतेक याच वर्गातले. या रीतीत एक वैगुण्य मात्र आहे, ते सांगून ठेवतो : यादीत एखादा नवा, कोणी घेणारही नाही असा पर्याय घातला तरी हळहळीचे आकडे बदलून जुन्या पर्यायांचा क्रम उलटू शकतो. म्हणून चाळणी आधी करावी आणि ऐनवेळी विक्रेत्याने पुढे केलेले चौथे नाव तक्त्यात घुसू देऊ नये.

७. कळून घेण्याचे मोल

अनिश्चितता पत्करण्याआधी ती थोडीफार विकत घेऊन मिटवता येते काय, हा प्रश्न विचारायचे बहुतेक लोक विसरतात. रोनाल्ड हॉवर्ड याने १९६६ मध्ये याचा हिशेब मांडून दाखवला, आणि तो त्रैराशिकाहून कठीण नाही.

मंदीचे चित्र क्षणभर बाजूला ठेवू आणि पहिली दोन चित्रे निम्मी-निम्मी संभाव्य धरू. मग क ची सरासरी मिळकत साडेदहा लाख, ख ची नऊ, ग ची साडेपाच. काहीच माहिती नसेल तर क घ्यावा, साडेदहा लाख हाती. आता समजा, गिऱ्हाइकाचा इरादा आधीच कळला. मूळ फाइल मागणार असे कळले तर क घेऊन १२, स्टेप चालेल असे कळले तर ख घेऊन ११, सरासरी साडेअकरा. म्हणजे ती एक बातमी एक लाख रुपये मोलाची आहे, आणि ती मिळवण्यासाठी एक लाखापर्यंत खर्च करणे शहाणपणाचे आहे. प्रत्यक्षात चाकणपर्यंत जाऊन गिऱ्हाइकाच्या परचेस खात्यातील माणसाला गाठावे, 'पुढची दोन वर्षे तुम्ही मॉडेल कोणत्या रूपात घेणार, तेवढं मेलवर कळवा' असे सांगावे, यापलीकडे खर्च नाही. तरीही सहा महिने सॉफ्टवेअरच्या जाहिराती चाळणारे मालक हा एक प्रश्न विचारीत नाहीत, याचे मला नवल वाटते.

दुसरी बातमी सॉफ्टवेअरच्या पोटातली. पेटीच्या वरच्या थरातले हापूस पाहून जाणता माणूस पेटी घेत नाही. गवत बाजूला सारून तळचे फळ हाताळतो. विक्रेत्याचा डेमो हा वरचा थर होय : त्याचेच मॉडेल, त्याचाच संगणक, त्याचाच सराईत हात. बहुतेक कंपन्या मुदतीपुरते सॉफ्टवेअर फुकट वापरू देतात. त्या मुदतीत आपले एक जुने, त्रासाचे ठरलेले काम घेऊन ते पहिल्यापासून करून पाहावे. वेल्डिंग फिक्स्चर घ्या : खाली बेस प्लेट, तिच्यावर चार रेस्ट पॅड, दोन लोकेटिंग पिना, तीन टॉगल क्लॅम्प. सर्व जुळवून झाले की एक पिन १२ मिलिमीटर सरकवा. प्लेटमधले भोक तिच्यामागे गेले काय? पिनेखालचा स्पेसर गेला काय? ड्रॉइंगवरचे माप बदलले की जुनेच राहिले? सुट्या भागांच्या यादीत काही दोनदा आले काय? जे तुटले असेल ते दुरुस्त करायला ड्राफ्ट्समनला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा.

मग त्याच बेस प्लेटची डीएक्सएफ फाइल काढून नेहमीच्या लेझरवाल्याकडे पाठवा. फाइलीत एकक नीट लिहिले गेले नसेल तर ३०० मिलिमीटरची प्लेट त्याच्या पडद्यावर ३०० इंच, म्हणजे २५.४ पट मोठी होऊन उघडते; तो ओळखीचा असेल तर फोन करून विचारतो, नवखा असेल तर भाव सांगून मोकळा होतो. शेवटी सबंध जुळणी स्टेपमध्ये बाहेर काढून दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी व काय-काय हरवले त्याची यादी करावी. ही यादी म्हणजेच 'सोडून जाण्याची मुभा' या रकान्यातला गुण. तो आधी अंदाजाने भरला होता, आता पुराव्याने भरता येतो.

जुन्या सॉफ्टवेअरवर पूर्वी खर्च झालेल्या रकमेबद्दल एकच वाक्य पुरे : ती तक्त्यात कोठेही येत नाही. जुन्या फाइली आणि ड्राफ्ट्समनच्या हाताला बसलेले वळण मात्र येते, कारण ते पुढेही उपयोगी पडणार आहे.

८. ठराव आणि त्याची मुदत

समजा, गिऱ्हाइकाचे उत्तर आले की दोन वर्षे स्टेप फाइल चालेल, आणि चाचणीत ख ने फिक्स्चरची परीक्षा बऱ्यापैकी पार पाडली. मालक ख घेतात. आता एका कागदावर तारीख घालून चार-सहा ओळींचा ठराव लिहून ठेवावा : कोणते पर्याय होते, कोणत्या आकड्यावर निवड झुकली, गिऱ्हाइकाच्या मेलची तारीख कोणती, आणि कोणत्या प्रसंगी हा निर्णय पुन्हा खुला करायचा. असे प्रसंग तीनच पुरेत. गिऱ्हाइकाने मूळ फाइलीची मागणी केली तर. दुरुस्ती-अद्ययावतीचे वार्षिक शुल्क ठरल्यापेक्षा, समजा, पाचवा हिस्सा वाढले तर. किंवा सॉफ्टवेअरची कंपनी विकली गेली तर. यांपैकी काही घडेपर्यंत, शेजारच्या गाळेवाल्याने काहीही नवे आणले तरी तक्ता उघडायचा नाही.

त्याच ठरावात एका रोजच्या कामाची तजवीज असावी : पुऱ्या झालेल्या प्रत्येक कामाची स्टेप आणि पीडीएफ प्रत मूळ फाइलीच्या शेजारी त्याच दिवशी ठेवली जाईल. आज्ञांची परंपरा त्याने वाचत नाही, पण आकार आणि मापे कोणाच्या परवान्यावाचून वाचता येतात. ठरावाखाली मालकांबरोबर ड्राफ्ट्समनचीही सही घ्यावी. सॉफ्टवेअर दिवसाचे आठ तास चालवायचे त्याला आहे, आणि 'शिकण्याची सोय' या रकान्यात गुण भरण्याचा अधिकार मुळात त्याचाच होता.